विडाल, ब्लड कल्चर आणि दहा दिवसांचा ताप

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. वडील ५८ वर्षांचे, मधुमेह आहे, सिंधुदुर्गात स्वतःची भातशेती. लावणी उरकली आणि आठवड्याभरात ताप सुरू झाला. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी सिफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी टायफॉइडची विडाल ही रक्ततपासणी केली, ओ १:१६०, रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’. सातव्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये पुन्हा विडाल, ओ १:८०, ‘निगेटिव्ह’. तिथेच ब्लड कल्चर (रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) दिलं, त्याचा रिपोर्ट ‘४८ तासांनंतर वाढ नाही’. लघवीच्या कल्चरमध्ये ‘तीन प्रकारचे जंतू, नमुना पुन्हा पाठवावा’. आज दहावा दिवस, संध्याकाळी ताप १०२ पर्यंत चढतो. डॉक्टर टायफॉइड धरून सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची इंजेक्शनं सुरू करणार आहेत आणि तुम्ही विचारलंय की दोनपैकी कोणती लॅब खोटी.

दोन्ही लॅबनी बहुधा खरंच सांगितलं आहे. तुमची खरी अडचण वेगळी आहे. चार रिपोर्ट हातात असूनही ‘हा ताप कोणत्या जंतूमुळे आहे’ या प्रश्नाला अजून एकाही तपासणीने नीट हात घातलेला नाही. तो प्रश्न आता, दहाव्या दिवशी, कोणत्या नमुन्यातून आणि कोणत्या तपासणीतून सुटू शकेल, हे ठरवायला हवं.

मी मायक्रोबायोलॉजीची डॉक्टर आहे. रुग्णापेक्षा त्याचं रक्त, लघवी आणि थुंकी माझ्यापर्यंत जास्त पोहोचतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही. त्यांचं पोट दुखतंय का, डोळे लाल आहेत का, लघवी कमी झाली आहे का, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन किती आहे, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे आणि ते त्यांच्या डॉक्टरांनाच दिसतंय. त्यामुळे खाली जे लिहिते ते डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावं म्हणून. हे वाचून कोणतंही औषध थांबवू नका.

विडालपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथूनच झाला आहे.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. तिच्यात टायफॉइडचा जंतू शोधत नाहीत. मेलेल्या साल्मोनेला जंतूंच्या (टायफॉइडचा जंतू याच गटातला) द्रावणात रुग्णाच्या रक्तातला सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरलेला पातळ भाग, मिसळतात आणि गुठळ्या धरतात का ते पाहतात. गुठळ्या धरल्या तर त्या जंतूच्या अंगावरच्या घटकांविरुद्ध रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत, एवढंच कळतं. ही प्रतिपिंडं आजच्या आजाराची असू शकतात. पाच वर्षांपूर्वी अंगावर काढलेल्या टायफॉइडची असू शकतात. साल्मोनेलाच्या दुसऱ्याच एखाद्या जातीशी गाठ पडली असेल तर त्याचीही असू शकतात, कारण जंतूच्या अंगावरच्या ज्या घटकांना रिपोर्टवर ‘ओ’ म्हटलंय त्यांपैकी काही त्यांच्यात सामाईक आहेत. मलेरिया किंवा डेंग्यूसारख्या वेगळ्याच तापात शरीराची प्रतिकारयंत्रणा ढवळून निघते आणि जुनी प्रतिपिंडं पुन्हा वर येतात, असंही होतं. आपल्याकडे दूषित पाण्याशी संबंध आला नाही असा माणूस विरळा. म्हणून ठणठणीत माणसांची विडाल केली तरी बऱ्याच जणांत १:४०, १:८० सापडतं.

आता तुमचे दोन आकडे बघा. विडालमध्ये सीरम दरवेळी दुप्पट पातळ करत जातात: १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२०. ज्या शेवटच्या नळीत गुठळी दिसते, तो तुमचा आकडा. म्हणजे १:८० आणि १:१६० यांत फरक एका नळीचा. तोच सीरम, तोच तंत्रज्ञ, तेच किट, आज आणि उद्या, एवढ्यानेही एका नळीचा फरक पडू शकतो आणि तो या तपासणीच्या स्वभावात धरलेला आहे. दोन्ही लॅबना जवळजवळ एकच गोष्ट दिसली. एकीने ८० ला रेघ मारली असेल, दुसरीने १६० ला, आणि ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ हे शब्द त्या रेघेवरून छापले गेले. त्यातही एकीने काचपट्टीवर दोन मिनिटांत केली असेल आणि दुसरीने नळीत रात्रभर ठेवून, तर तुलनाच करू नये.

विडालचा खरा उपयोग होतो तो दोन नमुन्यांत. पहिला आजाराच्या सुरुवातीला, दुसरा सात ते दहा दिवसांनी, दोन्ही एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. दुसऱ्यात आकडा चौपट झाला, म्हणजे निदान दोन नळ्या पुढे सरकला, तर शरीर सध्या या जंतूशी झगडतंय असं म्हणायला आधार मिळतो. पण तोवर रुग्ण बरा झालेला असतो किंवा घरचे कंटाळलेले असतात, म्हणून दुसरा नमुना जवळजवळ कोणीच देत नाही. पाचव्या दिवसाची एकुलती एक विडाल मात्र गावोगाव होते आणि तिच्यावर आठवडाभराची अँटिबायोटिक लिहिली जातात, हे मला मनापासून खटकतं. ‘टायफॉइड झाला होता’ असं सांगणाऱ्या कितीतरी लोकांना टायफॉइड झालेलाच नसतो. दुसरंच काहीतरी झालेलं असतं आणि ते कधी नोंदवलंच जात नाही. टायफॉइडची आयजीएम (नव्या संसर्गात आधी येणारी प्रतिपिंडं) पाहणारी रॅपिड कार्डं विडालपेक्षा नवी दिसतात, पण शोधतात तीही प्रतिपिंडंच, त्यामुळे या मर्यादा बऱ्याच अंशी त्यांनाही आहेत.

आता ब्लड कल्चर. यात जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवावा लागतो, म्हणून टायफॉइडसाठी आम्ही भरवसा ठेवतो तो यावर. नवी मुंबईत २०१८ साली महापालिकेने मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम घेतली, तेव्हा लसीचा परिणाम मोजायला कल्चरने सिद्ध झालेले रुग्णच धरले. पण कल्चरचंही एक गणित आहे आणि ते नमुना घेतानाच जमतं किंवा फसतं.

टायफॉइड झालेल्या प्रौढ माणसाच्या रक्तात जिवंत जंतू किती असतात? बऱ्याचदा एका मिलिलिटरमध्ये एक, कधी त्याहूनही कमी. त्यातले बरेचसे पांढऱ्या पेशींच्या आत दडलेले. अशा रक्तात शितावरून भाताची परीक्षा चालत नाही. तीन मिलि रक्त घेतलं तर त्यात एकही जंतू न येण्याची शक्यता भरपूर. म्हणून प्रौढांसाठी एका बाटलीत आठ ते दहा मिलि रक्त आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या हातांतून दोन वेळा घ्यावं असं आम्ही सांगतो. तुम्ही लिहिलंय की एकच बाटली होती आणि ‘नेहमीच्या तपासणीएवढंच’ रक्त घेतलं. तेवढ्यात कल्चर चुकण्याची शक्यता आधीच मोठी होती. वर चार दिवस सिफिक्झिम पोटात. औषधाने जंतू मेले नसले तरी दबतात आणि बाटलीत वाढायला तयार नसतात. काही बाटल्यांत अँटिबायोटिक शोषून घेणारे रेझिनचे मणी असतात, त्याने थोडी मदत होते, पण सगळं भरून निघत नाही. अँटिबायोटिकच्या आधी, भरपूर रक्त घेऊन केलं तरी टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण पाच-सहा जणांतच ब्लड कल्चर पॉझिटिव्ह येतं. बोन मॅरोचं कल्चर याहून बरंच सरस, औषध सुरू झाल्यावरही. पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते, म्हणून ते फार थोड्या रुग्णांत, ताप लांबला आणि काहीच हाती लागलं नाही तर करतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या रिपोर्टवर लिहिलेली आहे, पण नजरेतून सुटते. ‘४८ तासांनंतर वाढ नाही’ हा अंतरिम रिपोर्ट असतो. बाटली मशीनमध्ये पाच दिवस ठेवतात. वाढणारा जंतू कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या तळाचा सेन्सर ते टिपतो आणि मशीन आवाज देतं. बहुतेक खऱ्या पॉझिटिव्ह बाटल्या पहिल्या दीड-दोन दिवसांत वाजतात हे खरं, पण औषध घेतलेल्या रुग्णाची बाटली उशिरा वाजू शकते. तुमच्या वडिलांची बाटली अजून आत असायला हवी. उद्या सकाळी लॅबला फोन करून एवढंच विचारा: बाटली अजून चालू आहे का, अंतिम रिपोर्ट कधी.

बाटली वाजल्यावर काय होतं तेही सांगते, कारण ‘जंतू ओळखायला एवढे दिवस का’ असंही तुम्ही विचारलंय. सर्वप्रथम बाटलीतला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम स्टेन करतो. ही रंगाची पद्धत १८८४ पासूनची, पण आजही तिच्याइतकी जलद आणि स्वस्त माहिती दुसरी कुठलीच देत नाही. वीस मिनिटांत कळतं की जांभळे गोल जंतू आहेत की गुलाबी दांडके. त्याच क्षणी आम्ही वॉर्डला फोन लावतो, लेखी रिपोर्टची वाट बघत नाही. मग तोच थेंब ब्लड आगार आणि मॅकॉन्की आगारच्या प्लेटवर पसरून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जंतूंचे ठिपके, म्हणजे वसाहती, दिसतात. टायफॉइडचा जंतू लॅक्टोज आंबवत नाही, म्हणून मॅकॉन्कीवर त्याच्या वसाहती रंगहीन राहतात. ई. कोलायच्या गुलाबी उमटतात. मग ट्रिपल शुगरची नळी: वर लाल, खाली पिवळी, गॅस नाही आणि कडेला काळ्या रंगाची अगदी बारीक रेघ, हे टायफीचं, म्हणजे टायफॉइडच्या जंतूचं रूप. त्याचा भाऊबंद पॅराटायफी ए असेल तर सहसा गॅस दिसतो आणि काळं दिसत नाही. शेवटी साल्मोनेलाविरुद्धची प्रतिपिंडं असलेल्या ठरावीक अँटिसीरमबरोबर गुठळी धरते का ते पाहून नाव पक्कं करतो आणि कोणतं औषध चालेल हे पाहायला औषध भिजवलेल्या कागदी चकत्या लावतो. त्याला आणखी एक रात्र.

मोठ्या लॅबमध्ये आता माल्डी-टॉफ नावाचं यंत्र आहे. वसाहतीचा कणभर अंश घेतला की जंतूच्या प्रथिनांच्या वजनांचा आलेख काढून काही मिनिटांत नाव सांगतं. फार मोलाचं यंत्र. पण त्यालाही वसाहत लागते, म्हणजे पहिली रात्र वाचत नाही, आणि त्याच्या यादीत जे नाव नाही किंवा जी दोन नावं अगदी जुळी आहेत तिथे ते अडतं. ई. कोलाय आणि शिगेला यांच्यातला फरक त्याच्यावर सोपवता येत नाही. कोणत्या औषधाला जंतू दाद देईल हेही ते नेहमीच्या वापरात सांगत नाही.

इथे थोडं विषयांतर करते, कारण तुम्ही मधुमेहाचा उल्लेख केलाय. पश्चिम किनाऱ्यावर, ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय नावाचा जंतू सापडतो. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला मेलिऑइडोसिस म्हणतात. मधुमेही, शेतात राबणारा, पावसाळ्यातला ताप, असा रुग्ण असला की तो आमच्या मनात असायलाच हवा. तो कल्चरमध्ये वाढतो, पण सावकाश. पहिल्या दिवशी प्लेटवर फारसं लक्ष जात नाही, आणि घाईत ‘स्यूडोमोनास’ किंवा ‘बाहेरून आलेला जंतू’ म्हणून त्याची बोळवण होते. आमच्याकडे ऑक्सिडेज नावाच्या चाचणीत पॉझिटिव्ह येणारा दांडका दिसला की आम्ही तीन चकत्या पाहतो: जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद देत नाही, पण को-अमॉक्सिक्लॅवला देतो, अशी जोडी जुळली की थांबून नीट ओळख पटवायची. या आजाराची औषधं वेगळी असतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात, म्हणून नाव चुकलं की रुग्णाचं मोठं नुकसान होतं. तुमच्या वडिलांना हेच आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण पुन्हा ब्लड कल्चर देताना चिठ्ठीवर ‘मधुमेह, भातशेती’ एवढे दोन शब्द लिहून द्या. लॅबमध्ये प्लेट पाहणाऱ्या माणसाची नजर त्याने बदलते. कोऱ्या चिठ्ठीबरोबर आलेल्या बाटलीला आम्ही तेवढा न्याय देऊ शकत नाही.

लघवीचा रिपोर्ट मी लवकर आटपते. तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढले म्हणजे जवळजवळ नेहमीच नमुना घेताना त्वचेवरचे किंवा डब्यातले जंतू मिसळले, किंवा डबा दुकानात-गाडीत तासन्‌तास उन्हात राहिला. लॅबने नावं छापली नाहीत आणि पुन्हा पाठवा म्हणाली, हे तिच्या चांगुलपणाचं लक्षण समजा. सकाळची लघवी, आधी धुऊन, पहिली धार सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डब्यात, दोन तासांत लॅबमध्ये. तेवढ्यात जमणार नसेल तर डबा फ्रिजमध्ये ठेवायचा. ब्लड कल्चरची बाटली मात्र कधीही फ्रिजमध्ये ठेवायची नाही. हा फरक कलेक्शन सेंटरच्या मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतो, तेव्हा तुम्हीच विचारा.

आता तुमच्या प्रश्नातल्या सर्वांत महत्त्वाच्या ओळीकडे येते. ती तुम्ही ओघात लिहिलीत: ‘लावणी उरकली आणि आठवड्याभरात ताप सुरू झाला.’ माझ्या दृष्टीने चारही रिपोर्टांपेक्षा ही ओळ जास्त बोलते.

लावणी म्हणजे दिवसभर चिखलात उघडे पाय, पायाला कापलेलं-खरचटलेलं, आणि बांधावर उंदीर. कोकणात या मोसमात उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टोचा) विचार न करता तापाची तपासणी पुरी होत नाही. लेप्टोचा जंतू नेहमीच्या ब्लड कल्चरमध्ये वाढत नाही. त्याला खास माध्यम लागतं आणि आठवडे लागतात. म्हणजे वडिलांना लेप्टो असता तरी कल्चरवर ‘वाढ नाही’ हेच आलं असतं. ग्रॅमच्या रंगातही तो दिसत नाही, इतका बारीक. पहिल्या आठवड्यात तो रक्तात असतो, तेव्हा पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, उपयोगी. पाच-सात दिवसांनंतर रक्तातून ओसरू लागतो आणि प्रतिपिंडं वर येतात, तेव्हा आयजीएम प्रतिपिंडं मोजणारी एलायझा ही तपासणी उपयोगी. आज दहावा दिवस म्हणजे एलायझासाठी योग्य वेळ आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शेतकऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जातात. वडिलांनी त्या घेतल्या होत्या का, हेही डॉक्टरांना सांगा.

दुसरा विचार स्क्रब टायफसचा. बांधावरच्या गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे पुष्कळ रुग्ण सापडले, तेव्हा महाराष्ट्रात त्याचं नाव सर्वांच्या कानावर गेलं. हा जंतू जिवंत पेशींच्या आतच वाढतो, म्हणून साध्या प्लेटवर किंवा बाटलीत कधीच वाढणार नाही. यातही आयजीएम एलायझा पाहतात. पण त्याआधी एक तपासणी घरीच होते आणि तिला पैसे लागत नाहीत. वडिलांना चांगल्या उजेडात बसवून काख, कंबरेची घडी, जांघ, पाठ, गुडघ्यामागचा भाग नीट पाहा. विडीने चटका बसल्यासारखी काळी खपली, न दुखणारी, खाज न येणारी, दिसली तर फोटो काढा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. ती सगळ्यांनाच येते असं नाही, पण सापडली तर निदान जवळजवळ हातात आलं. त्या खपलीचा तुकडा पीसीआरसाठीही चालतो.

हे दोन आजार इतक्या आग्रहाने सांगण्याचं कारण उपचारात आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन टायफॉइडवर चालतं आणि लेप्टोवरही चालतं. म्हणजे तुमच्या डॉक्टरांची निवड चुकीची नाही. पण स्क्रब टायफसवर ते चालत नाही, तिथे डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागतं. मलेरियावर तर कोणतंच एक अँटिबायोटिक पुरत नाही. इंजेक्शनं सुरू करून ‘बघू चार दिवस’ म्हटलं आणि मुळात स्क्रब टायफस निघाला, तर ते चार दिवस महाग पडतात. उलट टायफॉइडमध्ये योग्य औषध चालू असतानाही ताप उतरायला चार ते सात दिवस लागतात. त्यामुळे तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून घाबरून औषध बदलणंही बरोबर नाही. जंतूचं नाव माहीत नसलं की हे दोन्ही प्रसंग बाहेरून सारखेच दिसतात, आणि रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागतं.

मलेरियाचा रिपोर्ट तुमच्या यादीत कुठेच नाही. राहून गेला असेल तर आजच करा. बोटाच्या टोकाच्या रक्ताची जाड आणि पातळ अशी दोन्ही स्लाइड हवी. एकदा निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असं म्हणत नाहीत. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा, एकूण तीनदा पाहतात. रॅपिड कार्ड सोयीचं आहे, पण फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूच्या प्रथिनाची रेघ उपचारानंतरही काही आठवडे उमटत राहते. त्यामुळे नुकताच मलेरिया होऊन गेला असेल तर कार्डावर विसंबू नये. डेंग्यूचं उलट. विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, दहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली तर त्याला फारसा अर्थ नाही, तेव्हा आयजीएम बघायचं. प्रत्येक तपासणीला असा एक काळ असतो, म्हणून चिठ्ठीवर ‘तापाचा कितवा दिवस’ हे लिहा असं मी सगळ्यांना सांगत असते.

‘मग एकदाच सगळ्या जंतूंचं पीसीआर पॅनेल करून टाकू का?’ असंही तुम्ही विचारलंय. पीसीआरने जंतूनिदानात खरोखर क्रांती झाली आहे. क्षयरोगाचंच बघा. थुंकीच्या स्लाइडवर जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. घन माध्यमावरच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे. आणि आता पीसीआरवर चालणारी यंत्रं, सीबीनॅट किंवा गोव्याच्या कंपनीने बनवलेलं ट्रूनॅट, काही तासांच्या आत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिनला दाद देतो का, दोन्ही सांगतं. पण तिथे थुंकीत जंतू भरपूर असतात. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू मुळातच विरळ, आणि पीसीआरला रक्त वापरायचं ते मिलिलिटरपेक्षाही कमी. जे गणित कल्चरला नडतं तेच पीसीआरला जास्त नडतं. शिवाय लेप्टो आणि स्क्रबचे जंतू दहाव्या दिवशी रक्तात मिळण्याची खात्री नाही. म्हणून इतके पैसे खर्च करून पॅनेल निगेटिव्ह आलं, तर तुम्ही आज जिथे आहात तिथेच असाल. त्या पैशांत दोन एलायझा, मलेरियाच्या स्लाइड आणि नीट घेतलेली ब्लड कल्चर आरामात होतात.

तर तुमच्या जागी मी असते तर आज डॉक्टरांना हे विचारलं असतं: सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनचा पहिला डोस देण्याआधी दोन्ही हातांतून प्रत्येकी आठ-दहा मिलि रक्त घेऊन दोन ब्लड कल्चर घेता येतील का? त्याला पंधरा मिनिटं लागतात, उपचार लांबत नाही. सिफिक्झिम चालू असल्याने ती निगेटिव्ह येऊ शकतात हे धरून चालायचं. पण पॉझिटिव्ह आली तर नाव आणि औषध दोन्ही पक्कं होईल, आणि टायफीत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाला दाद न देणारे जंतू आपल्याकडे इतके वाढलेत की औषधाचा रिपोर्ट हाती असणं फार गरजेचं झालं आहे. रक्त घेणाऱ्याने कातडी स्पिरिटने किंवा क्लोरहेक्सिडिनने पुसून ती पूर्ण वाळू द्यावी, मगच सुई घालावी. ओल्या कातडीतून घेतलेल्या रक्तात त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस येतात आणि नसलेल्या आजाराचं नाव रिपोर्टवर चढतं. दोन हातांतून घेण्याचा दुसरा फायदा हाच: त्वचेवरचा जंतू एकाच बाटलीत आला तर तो बहुधा बाहेरचा, दोन्हींत तोच आला तर त्याला गंभीरपणे घ्यावं लागतं.

त्याच वेळी एक साधी लाल झाकणाची नळी लेप्टो आणि स्क्रबच्या आयजीएमसाठी, एक स्लाइड मलेरियासाठी, आणि सोबत सीबीसी, लिव्हर फंक्शन, क्रिएटिनिन. स्क्रबचा संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन जोडावं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तसं करण्यात काही गैर नाही, पुष्कळ डॉक्टर करतात. तो निर्णय मात्र वडिलांना तपासून त्यांनीच घ्यायचा.

आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी लक्ष कशावर ठेवायचं ते सांगते. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, लघवीचं प्रमाण घटणं, पोटऱ्या इतक्या दुखणं की चालवत नाही, धाप लागणं, बडबडणं किंवा गुंगी येणं, कुठूनही रक्त येणं, पोट अचानक फुगून कडक होणं. यांतलं एकही दिसलं तर कोणत्याही लॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका, थेट जिल्हा रुग्णालयात न्या. मधुमेह असल्याने साखर दिवसातून दोनदा तरी मोजा, तापात ती वर-खाली होते.

एलायझाचे आकडे आले की इथे टाका. सोबत नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला आणि रिपोर्टवर लॅबची कटऑफ (ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा) काय लिहिली आहे, एवढंही लिहा. नाव, पत्ता, रुग्ण क्रमांक झाकूनच टाका.